एकटीच्या मापाचा डोंगा

आमच्या ढिवर मोहल्ल्यात बाईने डोंगा चालवू नये असं कोणी सांगत नाही. सांगायची वेळच येत नाही. लग्न झालं की नवरा डोंग्याच्या मागच्या टोकाला बांबू घेऊन बसतो आणि बायको पुढच्या टोकाला टोपली घेऊन. मागच्याने डोंगा सरकवायचा, पुढचीने वेल उचलून शिंगाडे तोडायचे. मी पंधरा वर्षं पुढे बसले. पंधरा वर्षं मला पाणी दिसलं, वेल दिसली, काट्यांनी सोललेली माझीच बोटं दिसली, पण घरधनी काही दिसले नाहीत. ते पाठीमागे असायचे. बांबू चिखलातून निघाल्याचा आवाज आला की समजायचं, आहेत.

घरधनी असंच म्हणते मी. नवऱ्याचं नाव आमच्यात बाया घेत नाहीत. लग्नात नणंदांनी दार अडवून उखाण्यात वदवून घेतलं होतं, तेवढंच. त्यानंतर नाव घ्यायचं ते दुसऱ्यांनी, आणि मी ऐकायचं.

सगळ्यात मोठ्याने ते वर्षातून एकदा ऐकू यायचं. दसरा झाला की शिंगाड्याची पहिली तोडणी. त्या दिवशी सगळे डोंगे तळ्यात आपापल्या पाण्याची हद्द दाखवणाऱ्या खुंटांपर्यंत जातात, पहिली टोपली भरतात आणि पाळीवरच्या, म्हणजे तळ्याच्या बांधावरच्या, देवीच्या दगडापाशी आणतात. तिथे झिंगूभाऊ उभा असतो, मोहल्ल्यातला सगळ्यात म्हातारा ढिवर. डोंगा काठाला लागला की तो हाक मारतो. "मुखरूची चूल!" आणि माझ्या मागून आमचे घरधनी म्हणायचे, "ओ!" ओ दिली की त्या चुलीचं पाणी वर्षभर पक्कं. ओ द्यायला कोणी आलं नाही तर त्या घरचे खुंट उपटायचे आणि ते पाणी भावकीच्या पाण्यात मिळवायचं. मालगुजारी गेली, तळं सरकारजमा झालं, नागभीडहून साहेब येऊन मोजणीही करून गेला. पण पाण्यातल्या खुंटांना आणि त्या हाकेला कोणी हात लावला नाही.

माघात घरधनी तापाने गेले. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा डोंगा पाळीवर पालथा घालतात. त्यात पुन्हा कोणी बसत नाही, ऊन-पावसाने त्याला मातीत जाऊ देतात. चांगला मोहाचा डोंगा होता. पाण्याला जाता-येता तो मला दिसायचा, पाठ वर करून पडलेला. कोणी आसपास नसलं की मी त्याच्यावर हात ठेवून जरा बसायची. ऊन लागून लाकूड गरम झालेलं असे.

घर एवढंसं. त्यात इतकी जागा आहे हे मला ते गेल्यावर कळलं. भात दोघांचाच शिजायचा, कितीही आवरलं तरी. उरलेला शेजारच्या कोंबड्यांना घालायची, त्या नुसत्या माजल्या होत्या. बोलायला कोणी नाही म्हणून मी भांड्यांशी भांडायची. तसा माझा स्वभाव आधीपासून तिखटच. पण भांडायला समोर माणूस लागतो. भाताच्या गंजाशी किती भांडणार?

शिंगाड्याचं रोप लावायच्या दिवसांत माझा दीर दादाजी आला. काठाजवळचं रोप मी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून लावलं, खोल पाण्यातलं त्याने स्वतःच्या डोंग्यातून लावून दिलं. पोळा झाला तसा तो पुन्हा आला आणि ओट्यावर बसून तंबाखू मळायला लागला. मळतच राहिला, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी अडलंय.

"वयनी," तो म्हणाला, "आवंदा तोडनीले तुयाकडून कोन जाईन? मी म्हनतो, खुंट उपटून घेऊ. तू आमच्या घरी ये. दोन टाइम जेवाले कमी नाई पडू देनार. आशा बी म्हनून राह्यली." आशा म्हणजे त्याची बायको.

"आन माही चूल?"

"चूल काय व, आमची हायच ना."

दादाजी वाईट माणूस नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. त्याच्या घरी मला खरंच पोटभर मिळालं असतं. पण मिळालं असतं, मी शिजवलं नसतं. आणि खरं सांगायचं तर चुलीपेक्षा मला ती हाक गमवायची नव्हती. खुंट उपटले की पाळीवर ती हाक पुन्हा कधी येणार नव्हती. मी तर ते नाव घेऊ शकत नव्हते. मग घेणार कोण?

"मी जाईन तोडनीले," मी म्हणाले.

"कायच्यात? टोपल्यात बसून?"

"डोंगा आनतो मी. माहा."

दादाजी तंबाखू तोंडात टाकायचाही विसरला.

डोंगा घ्यायचा तर जंगूकडून, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक. जंगू जंगलाकडच्या गावचा गोंड. त्याच्या घरामागे एक बोडी, छोटंसं तळं आहे, तिच्या काठावर तो झाडाचे बुंधे कोरत बसलेला असतो. मोबदल्यात धान घेतो. भाकर बांधून घेऊन मी सकाळीच निघाले. भाकर लागते, कारण जंगूकडे डोंगा नुसता बघून मिळत नाही. डोंगा बोडीत सोडायचा, दोरीने काठाला बांधायचा आणि घेणाऱ्याने त्यात बसून जेवायचं. नवीन लग्न झालेलं जोडपं असलं तर दोघांनी. घरधनी आणि मी तसेच जेवलो होतो. मी लाजून मान वर केली नव्हती, आणि तसंही ते मागेच होते.

जंगूकडे तीन डोंगे तयार होते. एक लांब, मोहाचा, अगदी आमच्यासारखा. दुसऱ्याच्या कुशीत मोठी गाठ होती. तो गेली दोन वर्षं तिथेच पडलेला होता आणि येईल त्या नवख्याच्या गळ्यात मारायचा जंगूचा प्रयत्न चालू होता. तिसरा आखूड, रुंद, म्हशीच्या वगारीसारखा ढेरपोट्या. लांब डोंगा कोरून झाल्यावर त्याच झाडाचा जो बुंधा उरला, त्याचा केलेला.

"ही गाठ नाई, बाई, हे डोंग्याचं बळ हाय," जंगूने सुरुवात केली.

"तुया घरी ठेव थे बळ."

तो हसला. मग विचारलं, "बसनार कोन?"

"मी."

"आन मांगं?"

"मांगं कोनी नाई."

जंगूने माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग पायाने आखूड डोंग्याला ढोसलं. "मंग हा घे. एकटीले हाच बरा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रांड म्हणाला असता तर मी ऐकून घेतलं असतं, ते गावात कोणी ना कोणी म्हणतच होतं. पण एकटी असं मला अजून कोणी तोंडावर म्हटलेलं नव्हतं. "लांबवाला टाक पान्यात," मी म्हणाले.

जंगूने टाकला. मी पुढच्या टोकाला जाऊन बसले. दुसरीकडे बसायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही, पाय आपणहूनच तिकडे गेले. मागे कोणी नसल्यामुळे डोंग्याचं नाक खाली गेलं आणि पाणी काठाला चाटू लागलं. मी फडकं सोडलं, तांदळाची भाकर आणि वाळल्या मासोळ्यांची चटणी काढली, आणि जेवू लागले.

"जेवताना मानूस आंग इसरते," जंगू काठावरून म्हणाला. "तवा डोंगा हालला नाई तर थो आपला. हा तं बुडून राह्यला, बाई."

"बुडू दे."

जेवण झालं असं वाटलं म्हणून मी हात धुवायला वाकले, तर फडक्यात अर्धी भाकर तशीच होती. बसल्याबरोबर मोडून मी ती बाजूला ठेवली होती, मागे द्यायला. जंगूने ते पाहिलं की नाही कोण जाणे. मी फडकं गच्च बांधलं आणि म्हणाले, "हाच नेतो." मला लांबच डोंगा पाहिजे होता. मागची जागा रिकामी राहील हे मला कळत होतं. पण रिकामी का होईना, जागा तर असेल.

मोहल्ल्यातल्या इसरूच्या खासरावर, त्याच्या बैलगाडीवर, घालून डोंगा घरी आणला. दादाजीने त्याच्याभोवती एक फेरी मारली. "वयनी, हा दोघायचा हाय."

"मले दिसते."

दुसऱ्या दिवशी मी तो तळ्यात घातला. पुढे बसून बांबू मारला, तर मागचं टोक हवेत उचललं गेलं आणि डोंगा घाण्याच्या बैलासारखा जागच्या जागी फिरू लागला. मग मागे जाऊन बसले. आता नाक वर झालं, वारा आला की ते भलतीकडेच वळायचं, आणि वेलीपर्यंत हात पोचायचा नाही. पुढे सरकायला उठले आणि बदकन पाण्यात पडले. काठावर धुणं धुणाऱ्या बाया हसल्या. आशा सगळ्यात मोठ्याने हसली. मला त्याचा राग आला नाही, कारण तिच्या जागी मी असते तर मीही हसले असते. राग आला तो मागे वळून सांगायला कोणी नव्हतं त्याचा. घरधनी असते तर म्हणाले असते, 'पानी लई थंडं हाय का व?' आणि मी आठवडाभर अबोला धरला असता.

पडत, भिजत दिवस गेले. दसरा जवळ येत चालला. दादाजी एकदा म्हणाला, "माह्या डोंग्यात पुढं बस, तुये खुंट मी फिरवून आनतो." मी म्हटलं, तसं केलं तर ओ तुझी होईल, माझ्या घरची नाही.

शेवटी मी एक युक्ती केली. पाळीवरचे दगड उचलून डोंग्याच्या मागच्या टोकाला रचले, माणसाच्या वजनाइतके. मग पुढे जाऊन बसले. डोंगा सरळ झाला! नाक वर नाही, खाली नाही. पाण्याच्या रेषेत, अगदी पूर्वीसारखा. बांबू दोन्ही बाजूंनी मारत मी हळूहळू आमच्या खुंटांपर्यंत पोचले. वेली चांगल्या पसरल्या होत्या, पानाखाली शिंगाडे धरले होते. पाठीमागे वजन होतं. कितीतरी महिन्यांनी माझ्या पाठीमागे वजन होतं. मी बांबू आडवा ठेवला, एक वेल उचलली, पुढची हाताला येईना, आणि मी न वळताच म्हणाले, "जरा डावीकडं घ्या."

डोंगा हलला नाही.

मी वाट पाहिली. खरंच पाहिली, खोटं कशाला सांगू. मग वळून बघितलं तर दगड. त्यांच्यावर एक बगळा येऊन बसला होता, तो माझ्याकडे बघून उडून गेला. तिथे भर तळ्यात मी तोंडात पदर कोंबून रडले. ते गेले तेव्हाही इतकी रडले नव्हते. तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, रडणं वाटून घेतलं जात होतं. हे सगळं माझ्या एकटीच्या वाट्याचं होतं.

रडून झाल्यावर एक एक दगड उचलून पाण्यात सोडला.

डोंगा पुन्हा इसरूच्या खासरावर चढवला आणि जंगूकडे नेला. आखूड डोंगा काठावर दिसेना, मला वाटलं कोणीतरी नेला. पण जंगूने तो बोडीत दगड घालून बुडवून ठेवला होता, उन्हाने तडकू नये म्हणून. गाठवाला मात्र उन्हातच होता. त्याने आखूड डोंगा ओढून बाहेर काढला, पाणी उपसलं, पुन्हा सोडून दोरी बांधली.

"भाकर आनली?"

आणली होती. या डोंग्याला पुढचं टोक नव्हतं की मागचं, दोन्हीकडे बोथटच. बसायचं म्हटलं तर मध्येच बसावं लागत होतं. मी मध्ये बसले. गुडघे दोन्ही बाजूंना टेकले. डोंगा थोडा डुचमळला आणि थांबला. डावीकडे हात घातला, पाणी लागलं. उजवीकडे घातला, तिकडेही लागलं. कोणाला काही सांगायची गरज नव्हती.

मी भाकर मोडली. अर्धी खाल्ली. मग उरलेली अर्धी हातात घेऊन बसून राहिले. जंगू पाठ करून लाकूड कोरायच्या वाकसाला धार लावत होता, उगाच, बराच वेळ. ती अर्धी काही घशाखाली उतरेना. बोडीतलंच पाणी ओंजळीने पिऊन मी ती उतरवली. पुरी भाकर माझी मीच खाल्ली.

डोंगा हलला नाही.

"हा नेतो," मी म्हणाले. "लंबा ठेव."

"ठेवतो. त्याले दोघं भेटतीन," जंगू म्हणाला.

आखूड डोंगा जोरात पळत नाही, आणि वाऱ्याला फारसा भीतही नाही. काही दिवसांत तो आणि मी एकमेकांना समजलो. मध्ये बसायचं, बांबू आखूड धरायचा, वेलीपाशी पोचलं की तो मांडीखाली सारायचा आणि दोन्ही हात मोकळे करायचे. दादाजीने पाळीवरून दोन-तीनदा पाहिलं. एकदा तर त्याच्या तोंडून "वा" गेलं.

तोडणीच्या दिवशी सगळा मोहल्ला पाळीवर जमला. देवीच्या दगडाला शेंदूर लागला होता. डोंगे एकदम सुटले. जोडप्यांचे लांब डोंगे सरसर पुढे गेले, माझा वगारीसारखा मागून निघाला. मी आमच्या खुंटांपर्यंत गेले, वेली उचलल्या, टोपली भरली आणि परत फिरले. बोटांतून रक्त येत होतं, तरी मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. कारण आता झिंगूभाऊ ती हाक मारणार होता. पोळ्यापासून मी त्या हाकेसाठी भिजत होते.

माझ्या पुढचे डोंगे लागत होते. "दादाजीची चूल!" "ओ!" "सुकलूची चूल!" "ओ!" मग माझा डोंगा काठाला टेकला.

झिंगूभाऊ थांबला. त्याने माझ्या हातातल्या बांबूकडे पाहिलं. मग छाती भरून घेऊन हाक मारली.

"वच्छलाची चूल!"

मी मागे वळून पाहिलं. सवय, दुसरं काय. मागे डोंगा संपलेला होता, त्यापलीकडे नुसतं पाणी. माझं नाव इतक्या मोठ्याने आजवर कोणी घेतलं नव्हतं. ते माझं आहे हेच मला आधी कळलं नाही.

"आमच्या घरधन्याच्या नावानं मारा ना, भाऊ," मी हळूच म्हणाले.

"बाई, ज्याच्या हाती बांबू त्याच्या नावानं हाक. हे तं तुले बी मालूम हाय." त्याचा आवाजही हळू झाला होता. "मुखरू नाई आता."

मालूम होतं. सगळ्यांनाच मालूम होतं. पण बांबू आजवर बाईच्या हाती आलाच नव्हता, त्यामुळे ते माझ्यासाठीही आहे असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. लांब डोंगा आणते काय, दगड रचते काय, आणि त्यांची जागा राखायला निघालेली मीच बांबू हातात घेऊन त्यांचं नाव तळ्यावरून उतरवून बसले. सगळे माझ्याकडे बघत होते. दादाजी पाण्यात उतरून माझी टोपली घ्यायला उभा होता.

"वच्छलाची चूल!" झिंगूभाऊने पुन्हा हाक मारली.

"ओ," मी म्हणाले.

बाया ओरडल्या, आशाने येऊन मला शेंदूर लागल्या हातानेच मिठी मारली. माझे खुंट राहिले, माझी चूल राहिली. मला आनंद व्हायला पाहिजे होता आणि थोडासा झालाही. पण घरी येऊन चूल पेटवली तेव्हा भात एकाच माणसाचा शिजला. अंदाज चुकला नाही. कोंबड्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि काही मिळालं नाही म्हणून परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी तोडणीला मी सगळ्यांच्या आधी गेले. तळ्याच्या मध्यावर पोचले तेव्हा काठावर कोणी नव्हतं. बांबू मांडीखाली सारला, टोपली बाजूला केली. पाळीवर पालथा पडलेला आमचा डोंगा तिथून लहानसा दिसत होता. आता ते नाव कोणी मोठ्याने घेणार नव्हतं, हे मला पक्कं कळलं होतं. मी इकडेतिकडे पाहिलं. मग तोंडाभोवती हात धरले, झिंगूभाऊसारखे, आणि हाक मारली.

"मुखरूऽऽ!"

पाण्यावरून हाक लांबवर गेली. मी थोडा वेळ थांबले. मग वेल उचलली आणि तोडायला लागले.